हुमणीला गाठायचे कुठे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ऐन पावसाळ्यात वांग्याचे चांगले वाढलेले झाड सुकू लागले, की आपण म्हणतो, रोग आला. पण झाड जरा ओढून पाहावे. ते अलगद हातात आले आणि मुळ्या कुरतडलेल्या दिसल्या, तर तिथली माती उकरावी. मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची, अर्धगोल वळलेली जाड अळी सापडेल. हीच हुमणी. ऊस-भुईमुगाची ही जुनी वैरीण मिरची-टोमॅटोलाही सोडत नाही.

अळी दिसली, की आपली धाव औषधाच्या दुकानाकडे. पूर्वी तिथे फोरेट मिळे. या अतिजहाल विषावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. भाजी थोड्याच दिवसांत ताटात येते. शिवाय मोठी झालेली अळी औषधालाही सहजी दाद देत नाही.

मग तिला गाठायचे कुठे? ती आपणहून वर येते तेव्हा. हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. मे-जूनमध्ये वळवाचा चांगला पाऊस झाला, की दिवस मावळताच तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. कडुनिंबाच्या वाटेला कीड जात नाही, असे आपण समजतो; यांना तोच पाला आवडतो! तिथेच नर-मादी एकत्र येतात, पहाटे पुन्हा मातीत शिरतात. एक मादी साधारण ५०-६० अंडी घालते. ती आधीच पकडली, तर तेवढ्या अळ्या टळल्या.

रात्री आठ-नऊच्या सुमारास फांद्या हलवाव्यात, पडलेले भुंगेरे वेचून साबणाच्या किंवा रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. शेणखत पूर्ण कुजलेलेच घालावे. पीक निघाल्यावर खोल नांगरट करावी. उघड्या पडलेल्या अळ्या बगळे, कावळे, मैना टिपतात. मेटारायझियम ही अळीला रोग लावणारी बुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या जमिनीत द्यावी.

मात्र हे एकट्याचे काम नव्हे. भुंगेरा बांध ओळखत नाही. आमची चऱ्होली १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. आता शेताला लागून सोसायटीची भिंत असते, आणि कडुनिंब भिंतीच्या आत. भाजी पिकवणारा अलीकडे, खाणारा पलीकडे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते. त्याआधी वळीव झाला, की त्यानंतरचे दोन-तीन आठवडे महत्त्वाचे. त्या दिवसांत संध्याकाळी कोणी शेतकरी बादली घेऊन फाटकाशी आला, तर त्याला आत घ्या. जमले तर बॅटरी घेऊन त्याच्याबरोबर उभे राहा. त्याच्या वांग्यात विष कमी पडेल, आणि ती वांगी आपल्याच घरी येणार आहेत.