विश्लेषण : वर्धा-नागपूरचे दगड ‘वाचणारा’ पाद्री! कोण होते स्टीफन हिस्लॉप?

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे. टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आणि आसपास सुपारी-नारळासारखे गोल दगड. व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, म्हणून त्यांच्या मालाचे दगड झाले, अशी आख्यायिका इथे पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. भूशास्त्राचे उत्तर वेगळे आहे. थंड होणाऱ्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकतात. पुढे पाण्यातून आलेली खनिजे त्या पोकळ्यांत साचतात. झिओलाइट हे त्यातलेच एक खनिज. भोवतीचा मऊ खडक झिजला की हे गोटे मोकळे होतात.

या भागातले दगड असे शास्त्राच्या नजरेने पाहणाऱ्या पहिल्या काही अभ्यासकांत एक नाव ठळक आहे, ते म्हणजे स्टीफन हिस्लॉप. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज अनेकांना माहीत असते, त्या नावामागचा भूशास्त्रज्ञ मात्र फारसा माहीत नसतो.

हिस्लॉप इथे कसे आले?

जन्म १८१७ चा, स्कॉटलंडमधील डन्स गावचा. १८४५ मध्ये ते मिशनरी म्हणून भोसल्यांच्या नागपुरात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा सुरू केली. धर्मप्रचार आणि शिक्षण हे त्यांचे मुख्य काम. पण दौऱ्यावर निघाले की नाल्याचे काठ, विहिरींतून निघालेला मुरूम आणि खाणींतले दगड ते तपासत. तेव्हा वर्धा हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १८६२ मध्ये नागपूरमधून वेगळा झाला.

त्यांना नेमके काय सापडले?

- गोड्या पाण्यातले शंख : काळ्या लाव्हाच्या खडकांना लागून असलेल्या थरांत हिस्लॉप यांनी शंख, शिंपले, बिया, फळे आणि कीटकांचे अवशेष गोळा केले. ‘फायसा’ या गोगलगायीसारखे जीव समुद्रात राहत नाहीत. म्हणजे जिथे आज कपाशी उभी आहे, तिथे कधीकाळी तळी होती. लाव्हाचा एक पूर आणि दुसरा पूर यांच्या मधल्या शांत काळात ही तळी साचली, असा क्रम पुढच्या भूशास्त्रज्ञांनी लावला.

- मांगलीची कवटी : नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा खोऱ्यातील मांगली इथल्या वालुकाश्मातून एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. लंडनमधील शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिला ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ हे नाव दिले.

- ग्लोसॉप्टेरिसची पाने : जिभेच्या आकाराची ही पाने नागपूर परिसरातील खडकांत मिळाली. हीच वनस्पती ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतही सापडते. भूखंड एकेकाळी जोडलेले होते, या सिद्धांताचा ती आज महत्त्वाचा पुरावा मानली जाते. वर्धा खोऱ्यातला दगडी कोळसा याच काळातील जंगलांपासून तयार झाला.

सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी लिहिलेला नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरील निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

ते कुठे चुकले?

तळ्यांच्या थरांचे वय हिस्लॉप यांनी प्रत्यक्षापेक्षा कमी धरले. आज दख्खनच्या लाव्हाचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे मानले जाते, म्हणजे डायनोसॉर नामशेष झाले तो काळ. खडकांचे वय मोजण्याची किरणोत्सारावर आधारित पद्धत तेव्हा अस्तित्वातच नव्हती. पण त्यांनी कोणता नमुना कुठल्या गावातल्या कुठल्या थरात मिळाला, हे नोंदवून ठेवले. म्हणून वय बदलले, तरी नमुन्यांचे मोल कमी झाले नाही.

शेवटचा दौरा

हिस्लॉप यांना केवळ दगडांतच रस नव्हता. गोंडांची भाषा, गाणी आणि कथाही त्यांनी टिपून ठेवल्या. सप्टेंबर १८६३ मध्ये ते बुटीबोरीजवळील टाकळघाटला प्राचीन दगडी वर्तुळे पाहायला गेले. परतताना, ४ सप्टेंबर रोजी, पुराने भरलेला नाला ओलांडताना ते बुडाले. ४६ वा वाढदिवस चार दिवसांवर होता. त्यांचे अपुरे राहिलेले आदिवासींविषयीचे लेखन मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. टाकळघाट-खापा इथे पुढे नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले आणि लोहयुगातील वस्तीचे पुरावे समोर आले.

आज याचे काय?

जीवाश्माचे थर अनेकदा हात-दोन हात जाडीचेच असतात. विहीर, शेततळे, रस्ता किंवा गिट्टी खदान यांच्या कामात ते उघडे पडतात आणि ओळखले गेले नाहीत, तर खडीत जातात. मूळ जागेवरून हलवलेला जीवाश्म निम्मी माहिती गमावतो. कारण तो कोणत्या थरात होता, हेच कळत नाही.

त्यामुळे शंखाचा ठसा किंवा लाकडासारखे वलय असलेला दगड दिसला तर तो फोडू नका, घरी नेऊ नका. शेजारी पेन ठेवून फोटो काढा, मोबाइलवर जागेचे लोकेशन जतन करा आणि जवळच्या महाविद्यालयाचा भूशास्त्र विभाग किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नागपूर कार्यालय यांना कळवा. हिस्लॉप यांना ही नोंद वही-पेन्सिलीने करावी लागत होती, तुमच्या हातात ते काम दोन मिनिटांचे आहे.