आईच्या डोक्यात पन्नास हर्ट्झ!

शुक्रवारी रात्री जूचंद्रला उतरलो, तेव्हा सॅकमध्ये मेंदूच्या लहरी पकडायचं यंत्र होतं. घाबरू नका, बोटाच्या पेराएवढं सर्किट ते. दिल्लीच्या अपसाइड डाउन लॅब्सचं बायोअँप ईएक्सजी पिल. जोडीला अर्डुइनो, तीन इलेक्ट्रोड आणि जेल. बस्स!

गिनिपिग अर्थातच आई. आमच्या रांगोळीवाल्या गावातली, तासन् तास ओणवी बसून ठिपके टाकणारी. ‘‘शॉक नाही ना रे बसायचा?’’ एक इलेक्ट्रोड डोक्याच्या मागे, दोन कानांमागच्या हाडांवर. केसांतून जेल कातडीपर्यंत पोचवण्यातच अर्धा तास गेला. (जेल बाजारात मिळतं, आईचा संयम नाही.)

स्क्रीनवर जाडजूड पट्टा उमटला. मी खूश! पण ती आई नव्हतीच, घरातली वीज होती. ५० हर्ट्झचा गुणगुणाट. मेंदूचा सिग्नल जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा, त्यापुढे वायरिंग म्हणजे मिरवणुकीतला डीजे. लॅपटॉपचा चार्जर काढला (सेफ्टीसाठी तो तसाही काढायलाच हवा), वायरी एकमेकींत पिळल्या, नॉच फिल्टर लावला.

‘‘आई, डोळे मिट.’’

क्षणभरात १० हर्ट्झच्या आसपास लाट उसळली. डोळे उघडले, गायब. अल्फा! जर्मनीच्या हान्स बर्गरने १९२४मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख घेतला, १९२९मध्ये छापला. त्याने टिपलेली ही लाट आमच्या स्वयंपाकघरात! रांगोळी काढताना मात्र नुसता मानेच्या आणि जबड्याच्या स्नायूंचा गोंधळ दिसला. ‘मनःशांती मोजा’वाल्या हेडबँडवर पैसे टाकण्याआधी हे एकदा बघाच.

मग स्ट्रीमिंग. लॅब स्ट्रीमिंग लेअर हे फुकट सॉफ्टवेअर लावलं. एकाच वायफायवर असलेल्या दादाच्या लॅपटॉपवर आईचा मेंदू लाइव्ह. पासवर्ड वगैरे काही नाही. दादा ओरडला, ‘‘सही!’’ मला जरा कसंतरीच झालं.

पुण्यातल्या एका खुनाच्या खटल्यात २००८ साली कोर्टाने अशाच लहरींवरची बीईओएस चाचणी आरोपीविरुद्ध ग्राह्य धरली होती. ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सुप्रीम कोर्टाने बजावलं, की संमतीशिवाय कुणाचीही अशी चाचणी करायची नाही. आणि मी? जेल लावायला विचारलं होतं, दादाला दाखवायला कुठे विचारलं?

‘‘फाइल ठेवलीस?’’ आईने केस पुसत विचारलं.

‘‘हो.’’

‘‘पुसून टाक. आणि उद्या तू बस खुर्चीत. सहा महिने लग्नाचं विचारतेय, तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मलाही बघू दे!’’