‘चार दिवस राहिला की सवय होईल’

दिवाळीला लेक-सून नातवाला घेऊन पुण्याहून निमगाव केतकीला येणार असतात. फराळ झालेला असतो. ऐनवेळी फोन येतो, ‘लक्ष्मीपूजन इथंच करतो, भाऊबीजेला येतो.’ कारण काय, तर फटाके. मग ओट्यावर निकाल लागतो: ‘एवढं कसलं नाजूक पोर! चार दिवस राहिला की सवय होईल.’

सगळ्यांत मोठा गैरसमज हाच, सवयीचा. पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येईनाशी होते, हे खरं. बहुतेकांचा मेंदू तोच तो आवाज हळूहळू बाजूला सारतो. संवेदनांचा त्रास होणाऱ्या काही मुलांच्या मेंदूला ते जमत नाही. दहावा फटाका पहिल्याइतकाच बसतो, कधी जास्तच, कारण आधीचे नऊ सोसलेले असतात. आणि फटाक्याला कायद्यानंच चार मीटरवर 125 डेसिबलपर्यंत मुभा आहे. आपलं साधं बोलणं साठच्या आसपास असतं.

‘लाडानं बिघडलाय’ हे दुसरं. हट्टी पोराला चकली दिली की ते गप्प होतं. कान दाबून पलंगाखाली शिरलेल्याला चकली नको असते, खेळणंही नको असतं. आवाज थांबायला हवा असतो, एवढंच.

‘म्हणजे ऑटिझमच!’ तसंही नाही. ऑटिझमच्या निदानाच्या निकषांत संवेदनांचा हा भाग 2013 साली आला, पण असा त्रास ऑटिझम नसलेल्या मुलांनाही होतो. निदान शेजाऱ्यानं करू नये. बालरोगतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्यासाठीच आहेत.

त्रास फक्त आवाजाचाच, असंही नाही. पहाटे उठवून अंगाला घासलेलं खरबरीत उटणं, त्याचा वास, नव्या कपड्याच्या गळ्याशी टोचणारी पट्टी, यांतलं काहीही पुरतं. निमगावचे पानमळे घ्या. सावली, गारवा, शांतता. अशा पोराला याहून बरी जागा कोणती, असं मलाही वाटायचं. पण बऱ्याच पानमळ्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि ओल्या मातीचा तळव्याला होणारा स्पर्श एखाद्याला फटाक्याइतकाच नकोसा असतो. दुसरं एखादं पोर त्याच चिखलातून बाहेर यायला तयार नसतं. ज्याचं त्याचं वेगळं.

‘आधी सांगू नका, उगाच घाबरेल’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो आणि उलटा पडतो. बेत बदलणं हाच अशा मुलाला मोठा धक्का असतो. समजा, हिवाळ्यात भिगवणजवळ कुंभारगावला उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी दाखवायचे ठरवलंत. दोन दिवस आधी होडीचा फोटो दाखवा. किती वेळ बसायचं ते सांगा. इंजिनाची होडी की वल्ह्याची, हे विचारून घ्या. गर्दी नको असेल तर रविवार टाळा. कानावर लावायचे मफ सोबत ठेवा आणि ते पाहून कुणी हसलं तर हसू द्या.

आजी-आजोबांना एकच विनंती. भाऊबीजेला ते येतील, तेव्हा ‘तेव्हाच का नाही आलात’ असं दारातच विचारू नका. आतली खोली मोकळी ठेवा, तिथं उदबत्ती लावू नका, आणि पोराला जवळ ओढण्याआधी त्याला विचारा.