ग्रामपंचायतीच्या कचेरीतील संगणक-जाळे : तारेचे की बिनतारी?

खरीप पीक विम्याचा अर्ज भरण्याची मुदत सामान्यतः जुलैअखेरीस संपते. त्या शेवटच्या दिवसांत नागपूर जिल्ह्यातील गावोगावी सेवा केंद्रापुढे शेतकऱ्यांची गर्दी होते. अशा वेळी ‘नेट गेले’ असे उत्तर मिळाल्यास शेतकऱ्याचा दिवस वाया जातो आणि मुदत टळल्यास त्या हंगामाचे विमा-संरक्षणही जाते. परंतु ‘नेट गेले’ या शब्दांत दोन भिन्न दोष दडलेले असतात. बाहेरून गावात येणारी वाहिनी तुटलेली असते, किंवा वाहिनी ठीक असून कचेरीच्या आतील जोडणी बिघडलेली असते. पहिला दोष गावाच्या हातचा नाही. दुसरा बहुतांशी असतो.

ग्रामपंचायती प्रकाशतंतूने, म्हणजे ऑप्टिकल फायबरने, जोडण्याची योजना केंद्र शासनाने २०११ साली मंजूर केली. २०१५ पासून ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाते. पेंच प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांस ही रचना समजण्यास अडचण पडू नये. मुख्य कालव्यास भरपूर पाणी असले, तरी शेतचारी फुटलेली असेल तर धुरा ओलांडून पाणी वाफ्यात येत नाही. कचेरीतील जाळे ही ती शेतचारी होय.

प्रकाशतंतू ज्या लहान पेटीत येऊन संपतो तिला ओ.एन.टी. म्हणतात. काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचे ती विद्युत्-संकेतात रूपांतर करते. तिच्यापुढे राउटर असतो. कचेरीतील संगणक आणि बाहेरचे जग यांच्यातील देवघेव तो सांभाळतो. पुष्कळदा ही दोन्ही कामे एकाच पेटीत होतात. संगणक, छपाई यंत्र, कॅमेरे अशी साधने वाढली म्हणजे स्विच लागतो. पूर्वी स्विचऐवजी ‘हब’ वापरीत. हबचे काम दवंडीसारखे होते : एकाचा निरोप साऱ्या गावाच्या कानी. स्विच मात्र पोस्टमनप्रमाणे ज्याचे पत्र त्याच्याच दारी देतो. म्हणून गर्दी झाली तरी खोळंबा होत नाही.

वाय-फायची रीत याहून निराळी आहे. तेथे सर्व साधने एकाच हवेतून बोलतात, आणि दोघे एकदम बोलू लागले तर कोणाचेच ऐकू येत नाही. प्रत्येकास पाळी धरावी लागते. कचेरीच्या ओट्यावर बसून वीस तरुण मोबाइलवर चित्रफिती पाहत असतील, तर आतील अर्जाची पाळी लांबणारच. येथे एक मौजेची गोष्ट सांगता येईल. बिनतारी पद्धत नवी आणि तारेची जुनी असा समज आहे. परंतु हवाई विद्यापीठाने बेटाबेटांतील संगणक १९७१ मध्ये रेडिओलहरींनी जोडले होते. त्यातील कल्पनेवरूनच १९७३ मध्ये अमेरिकेत इथरनेट ही तारेची पद्धत निघाली.

लहरींना अडथळेही फार. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी दूर जातात, पण त्यांच्यात गर्दी अधिक. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर क्षीण होतात. लोखंडी पत्रा दोन्हींना परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. चोरीच्या भीतीने राउटर लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवण्याची रीत काही ठिकाणी आढळते. वस्तू सुरक्षित राहते खरी, पण तिचा उपयोग उरत नाही. राउटर खोलीच्या मध्याजवळ, उंचावर, उघड्यावर असावा. मात्र तो पत्र्याच्या छपराला भिडवू नये. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि तापलेल्या पत्र्याखाली ही यंत्रे मध्येच बंद पडतात.

यावरून निवड कशी करावी ते ठरते. ज्या संगणकावर अर्ज भरले जातात व दाखले निघतात, तो तारेनेच जोडावा. मोबाइल व फिरत्या साधनांसाठी वाय-फाय ठेवावे, त्यास सांकेतिक शब्द असावा, आणि तो भिंतीवर लिहून ठेवू नये.

केबल घेताना काळजी आवश्यक आहे. कॅट-६ केबलमध्ये तांब्याच्या आठ बारीक तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात. हा पीळ बाहेरील विद्युत्-उपद्रव टाळतो. बाजारात तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते. तारेचे टोक चाकूने खरवडावे. आत पांढरे दिसल्यास ती घेऊ नये. एका केबलची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक नसावी. विजेच्या तारांलगत ती नेऊ नये, आणि उंदरांपासून रक्षणासाठी नळीतून न्यावी.

एका बाबतीत मात्र तांब्याची तार धोक्याची आहे. कचेरीतून शाळेकडे किंवा तलाठी कार्यालयाकडे कडुनिंबावरून केबल ओढली जाते. विदर्भात मृगाच्या सुमारास विजा फार पडतात. जवळपास वीज पडली तरी अशा तारेत दाब उत्पन्न होऊन दोन्ही टोकांची यंत्रे जळू शकतात. दोन इमारतींमध्ये प्रकाशतंतूच घालावा. काचेतून वीज वाहत नाही. मात्र त्याच्या केबलमध्ये आधाराची धातूची तार नसावी. तेवढी सोय नसल्यास समोरासमोर दिसणाऱ्या दोन बिनतारी यंत्रांची जोडणी करावी. मध्ये झाड असल्यास पावसाळ्यात ओल्या पानांनी ती मंदावते, हे उन्हाळ्यात जागा निवडतानाच ध्यानी घ्यावे.

काम बंद पडल्यास प्रथम वीजपुरवठा व नंतर ओ.एन.टी.वरील दिवे पाहावेत. ‘एल.ओ.एस.’ हा दिवा लाल असेल, तर प्रकाश पोहोचत नाही. बहुधा रस्त्याच्या वा नळाच्या खोदकामात तंतू तुटलेला असतो, किंवा कचेरीतच तो काटकोनात मुडपलेला असतो. राउटर वारंवार बंद-चालू करून तेव्हा काही साधत नाही. वेळ व दिव्याचा रंग नोंदवून तक्रार करावी. लाल दिवा नसेल, तर एक संगणक केबलने थेट राउटरला जोडून पाहावा. काम सुरू झाल्यास दोष वाय-फायचा किंवा मधल्या स्विचचा आहे, आणि रांगेतील अर्ज त्याच केबलवर पुढे भरता येतात.