नाव चुकले, किडाही चुकला

वर्गीकरण शिकवताना ‘ही शास्त्रीय नावे लक्षात ठेवून काय उपयोग?’ असे मुले हमखास विचारतात. आम्हाला त्याचे उत्तर एका किड्याच्या गोष्टीत सापडले.

साल्व्हिनिया हे पाण्यावर तरंगणारे नेचे. मूळचे दक्षिण अमेरिकेतले. माणसाबरोबर ते आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलियात पोचले. त्याचे बीजाणू वांझ असतात, पण तुटलेल्या तुकड्यातून नवे रोप होते. केरळात त्याने कालवे आणि भातखाचरे झाकून टाकली, होड्या अडल्या. मायदेशी मात्र ते असे माजत नाही, कारण तिथे त्याला खाणारे कीटक आहेत. मग तेच कीटक आणले तर?

पण मायदेश नेमका कोणता? बराच काळ या तणाला साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा समजत. त्या नावाची वनस्पती त्रिनिदादमध्ये होती, म्हणून तिच्यावरचे सोंडकिडे आफ्रिकेत नेऊन सोडले. उपयोग फारसा झाला नाही. १९७२ साली डी. एस. मिचेल यांनी हे तण वेगळी जात असल्याचे दाखवले आणि तिला साल्व्हिनिया मोलेस्टा हे नाव दिले. शोध पुन्हा सुरू झाला. १९७८ साली आग्नेय ब्राझीलमध्ये तिचे मूळ घर सापडले आणि तिच्यावर जगणारा, जेमतेम दोन मिलिमीटरचा काळा सोंडकिडाही. प्रौढ किडा कोवळे कोंब खातो, अळी खोड पोखरते.

इतर वनस्पतींना धोका नाही याची तपासणी करून १९८० साली तो ऑस्ट्रेलियातील मूनदारा तलावात सोडला. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत तिथले सुमारे १८,००० टन तण नष्ट झाले. त्याच दशकात हा किडा भारतात आणला गेला आणि केरळातले अनेक कालवे मोकळे झाले.

गंमत म्हणजे हा किडाही आधी त्रिनिदादचाच वाटला होता, इतके दोघे सारखे दिसतात. तो वेगळा असल्याचे १९८५ साली कॅल्डर आणि सँड्स यांनी नोंदवले. त्याचे नाव सायर्टोबॅगस साल्व्हिनी.

वर्गात हे सांगताना तांदळातला सोंडा आणि मुगातला भुंगा भिंगाखाली शेजारी ठेवावेत. सोंड कोणाला आहे, कोणाला नाही, आणखी काय वेगळे आहे, ते मुलांनाच लिहू द्यावे. नावे त्यानंतर सांगावीत.