डोक्यावरून जाणारं विमान कोणाच्या हद्दीत? आकाशालाही असतात बांध!

अंधेरी : शेतात काम करताना वर पांढरी रेघ ओढत विमान जातं. आवाजही नीट येत नाही, इतकं ते उंच असतं. पण त्या घडीला त्याची जबाबदारी जमिनीवरच्या एका ठराविक नियंत्रकावर असते.

भारताचं आकाश मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा 4 मोठ्या विभागांत वाटलेलं आहे. हे काम भारतीय विमानतळ प्राधिकरण बघतं. मुंबई विभागाचं केंद्र अंधेरी-विलेपार्ल्याजवळच्या विमानतळावर आहे. त्याची हद्द अरबी समुद्रावर दूरवर जाऊन कराची आणि मस्कतच्या हद्दींना भिडते.

टॉवर वेगळा, केंद्र वेगळं
लांबून दिसणारा उंच टॉवर फक्त धावपट्टी आणि जवळपासची विमानं बघतो. वर चढलेलं विमान पुढे रडारच्या पडद्यासमोर बसलेल्या नियंत्रकांकडे जातं. त्यांच्यातही विभागाचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. काही ठिकाणी तर एकाच भागावर खालच्या उंचीचा सेक्टर वेगळा आणि वरचा वेगळा.

ताबा कसा बदलतो?
विमान बांधाजवळ आलं की नियंत्रक पुढच्याला कळवतो. त्याने होकार दिला की पायलटला नवीन फ्रिक्वेन्सी सांगितली जाते. पायलट तो आकडा परत म्हणून दाखवतो. ठरलेल्या जागेपर्यंत जबाबदारी जुन्याचीच. पाटाच्या पाण्यासारखंच आहे हे, एका वेळी पाळी एकाचीच!

उंचीचेही नियम आहेत. 29 हजार ते 41 हजार फुटांमध्ये दोन विमानांत वर-खाली किमान 1 हजार फूट अंतर लागतं. साधारणपणे पूर्वेकडे जाणारी 31, 33, 35 हजार अशा विषम उंचीवर, तर पश्चिमेकडे जाणारी 32, 34, 36 हजार अशा सम उंचीवर.

चूक झाली तर?
1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीत युबरलिंगेनवर दोन विमानं धडकली आणि 71 जण गेले, त्यात बहुतेक शाळकरी मुलं. तिथलं आकाश स्वित्झर्लंडच्या झुरिक केंद्राकडे सोपवलेलं होतं. एकटाच नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता. शेजारच्या जर्मन केंद्राला धोका दिसला, पण फोन लागलाच नाही.

एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. तेव्हा उत्तरेतून आखात-युरोपकडे जाणारी बरीच विमानं अरबी समुद्रावरून, म्हणजे मुंबईच्या हद्दीतून वळली. बांध तेच, पण वर्दळ वाढली. त्यामुळे प्रत्येक ताबा वेळेवर आणि स्पष्ट देणं आणखीच गरजेचं झालं.