टक्क्यांचा भाव

वर्तमानपत्रातल्या निविदा सूचना वाचण्याची खोड मला फार जुनी. रस्ते, गटारं, बाकडी यांच्या गर्दीत एखादी ओळ असते: जलशुद्धीकरण केंद्रासाठी पॉली अ‍ॅल्युमिनियम क्लोराईड, म्हणजे पीएसी, पुरविणे. पुढे वाद होतो तो किलोच्या दरावर.

किलोचा दर हा या व्यवहारातला सर्वांत फसवा आकडा. ताज्या ब्लिचिंग पावडरमध्ये साधारण 33 टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. दमट गोदामात तो उडत जातो, गोणीचं वजन मात्र घटत नाही. गाळ बसवणाऱ्या पीएसीतही कामाचा असतो तो अ‍ॅल्युमिना. तो 10 टक्के असो वा 18, वजनकाट्याला त्याचं काय? स्वस्त टँकर मिळाला म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांनी एकदा भागाकार करून पाहावा. तुरटीला आयएस 299, पीएसीला आयएस 15573, ब्लिचिंगला आयएस 1065 अशी मानकं आहेत. त्यांचे क्रमांक निविदेत टाकायला काहीच लागत नाही. माल उतरताना नमुना काढून टक्का तपासणं आणि कमी भरला तर त्या प्रमाणात बिल कापणं, इथे कस लागतो.

माल किती लागतो, याचा हिशेब तोंडी होतो. लिटरला 1 मिलिग्रॅम मात्रा म्हणजे 10 लाख लिटरला 1 किलो. पिंपरी-चिंचवड शहर पवना नदीतून रोज साधारण 50 कोटी लिटर पाणी उचलतं. लिटरला 20 मिलिग्रॅम तुरटी धरली तर दिवसाला 10 टन. मात्रा 5 मिलिग्रॅमने चढली की अडीच टन जादा.

हे 5 मिलिग्रॅम स्थायी समितीच्या हातात नसतात. ते ठरतात प्रयोगशाळेत, सहा बीकरच्या रांगेत. प्रत्येकात नदीचं लिटरभर पाणी, औषधाची मात्रा चढत्या क्रमाने. पाती मिनिटभर जोरात फिरतात, मग पंधरा-वीस मिनिटं सावकाश. आधी काहीच दिसत नाही. मग जेमतेम दिसणारे कण, मग कापसासारखे पुंजके. पाती थांबली की ते तळाला बसू लागतात. सर्वांत कमी मात्रेत जिथे वरचं पाणी पुरेसं निवळतं, ती त्या पाण्याची मात्रा. गंमत शेवटच्या बीकरमध्ये. तिथलं पाणी कधीकधी पुन्हा गढूळ राहतं. गाळाच्या कणांवर ऋणभार असतो. औषध जास्त झालं की तो नुसता मोडत नाही, उलटतो, आणि कण पुन्हा एकमेकांना दूर लोटू लागतात. पैसे जास्त, काम कमी.

बीकरमधलं पाणी येतं कुठून? पवना धरणातून सोडलेलं पाणी मावळातून नदीनेच वाहत रावेतच्या बंधाऱ्यापाशी येतं, तिथून उचलून निगडीच्या सेक्टर 23 मधल्या केंद्रात नेतात. वाटेत त्यात गावांचं सांडपाणी आणि शेतांचा गाळ मिसळतो. धरणापासूनच बंद जलवाहिनी टाकायची योजना होती. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर या योजनेविरुद्धच्या आंदोलक शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. तिघांचा जीव गेला, काम थांबलं. शहरात याला 'रखडलेला प्रकल्प' म्हणतात, ते मला पटत नाही. काठावरची शेती वाहत्या नदीवर उभी आहे. नळात कोंडलेली पवना तिला कशी पुरणार? नदी वाहतीच राहायची असेल, तर ती स्वच्छ ठेवण्याचा खर्च आणि औषधाचा खर्च एकाच तक्त्यात मांडायला हवा.

कारण तुरटी गाळ बसवते, सांडपाण्यातला विरघळलेला अमोनिया नाही. तो क्लोरीन खातो. अमोनियातल्या 1 मिलिग्रॅम नायट्रोजनमागे 8 ते 10 मिलिग्रॅम क्लोरीन खर्ची पडला, की मगच मोकळा क्लोरीन पाण्यात टिकतो. आणि आयएस 10500 प्रमाणे नळाशी तो लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम हवा. नदीत लिटरला असा अर्धा मिलिग्रॅम नायट्रोजन जरी चढला, तरी 50 कोटी लिटरमागे दिवसाला 2 टन क्लोरीन जादा, म्हणजे 900 किलोचे दोनहून अधिक टनर, क्लोरीन वायूच्या टाक्या. हा वायू साठवणंही सोपं नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये कासारवाडीच्या जलतरण तलावात तो गळला, तेव्हा पोहणाऱ्यांना रुग्णालयात न्यावं लागलं.

आंद्रा धरणाचं पाणीही शहराला नदीतूनच मिळतं: इंद्रायणीतून येऊन चाकणच्या कारखान्यांजवळ निघोजेला उचललं जातं, चिखलीत शुद्ध होतं. भामा आसखेडसाठी मात्र धरणापासून थेट जलवाहिनीची योजना आहे. ते पाणी आलं, की चिखलीच्या प्रयोगशाळेने दोन्ही पाण्यांच्या मात्रा वर्षभर शेजारीशेजारी नोंदवाव्यात, आणि महापालिकेने तो तक्ता पुढच्या निविदेला जोडावा.